चित्रपट चांगला, तरी डिस्क नाही: कृष्णवर्णीय दिग्दर्शकांचे सिनेमे नेमके कुठे अडकतात?

२०२५ साली अमेरिकेत कृष्णवर्णीय दिग्दर्शक चार्ल्स बर्नेट यांचे दोन जुने चित्रपट नव्याने पडद्यावर आले. पहिला 'किलर ऑफ शीप'. तो १९७७ साली पूर्ण झाला होता. त्याची ४के आवृत्ती (म्हणजे आडव्या दिशेत सुमारे चार हजार बिंदूंची, अतिशय स्पष्ट) थिएटरांत लागली आणि पाठोपाठ क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क कंपनीने तिची डिस्क काढली. दुसरा 'द अनाइहिलेशन ऑफ फिश'. टोरोंटो महोत्सवात तो १९९९ साली दाखवला गेला, पण अमेरिकन थिएटरांत रीतसर लागला तो २०२५ मध्येच. तोवर त्यातले तिन्ही प्रमुख कलाकार, जेम्स अर्ल जोन्स, लिन रेडग्रेव्ह आणि मार्गो किडर, हयात नव्हते.

बर्नेट काही अनोळखी नाव नाही. 'किलर ऑफ शीप' १९९० मध्येच अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला होता. म्हणजे देशाच्या काँग्रेस ग्रंथालयाने त्याला जतन करण्याजोगा ठेवा ठरवलं होतं. तरीही सामान्य प्रेक्षकाला तो घरी धड पाहता येण्यासाठी २००७ उजाडावं लागलं. असं का होतं? बहुतेकांना वाटतं, वितरकाला नफा दिसला नसेल. ते कारण खरं आहे, पण अपुरं आहे. चित्रपट डिस्कवर येण्याआधी त्याला तीन-चार अगदी ठोस अडथळे पार करावे लागतात, आणि कृष्णवर्णीय दिग्दर्शकांच्या स्वतंत्र चित्रपटांच्या वाटेवर ते सगळे एकदम उभे असतात.

## आधी थोडी ओळख: निगेटिव्ह, प्रिंट, मास्टर

कॅमेऱ्यातून जी फिल्म फिरते ती निगेटिव्ह. चित्रपटाचा सगळ्यात जास्त तपशील तिच्यात असतो आणि ती एकच असते. तिच्यावरून थिएटरसाठी काढतात त्या प्रिंट. प्रिंटवरून पुन्हा प्रत काढली की तपशील घटतो, काळं जास्त काळं होतं, पांढरं जास्त पांढरं. निगेटिव्ह किंवा तिच्या सर्वांत जवळची प्रत स्कॅन करून, स्वच्छ करून, रंग आणि आवाज मूळच्यासारखे जुळवून जी डिजिटल फाइल बनते ती मास्टर. डिस्क, स्ट्रीमिंग, टीव्ही, महोत्सव, सगळीकडे याच मास्टरची रूपं जातात.

हे एवढं कळलं की पुढचं सोपं होतं. 'चांगली डिस्क हवी' ही मागणी खरं तर चांगल्या मास्टरची मागणी असते.

काम किती असतं त्याचा अंदाज घ्या. सेकंदाला २४ चौकटी. ८० मिनिटांचा चित्रपट म्हणजे १,१५,२०० चौकटी. धूळ, ओरखडे, जोड उचकटल्याच्या खुणा यांसाठी त्यातली प्रत्येक चौकट कोणीतरी किंवा काहीतरी तपासायची असते. सॉफ्टवेअर मदत करतं, पण त्याला उडणारी माशी आणि धुळीचा कण यातला फरक नेहमी कळतोच असं नाही. निकाल माणसालाच द्यावा लागतो.

## फिल्म खराब होते म्हणजे काय होतं?

१९५०च्या सुमारापर्यंत ३५ मिमी रुंदीच्या पट्टीवरचे चित्रपट नायट्रेट फिल्मवर निघत. ती भयंकर ज्वालाग्राही असते. नंतर आली ॲसिटेट फिल्म. ती भडकत नाही, पण तिला वेगळा रोग होतो. दमट, उबदार हवेत तिच्या पट्टीतून ॲसेटिक ॲसिड सुटू लागतं. हे व्हिनेगरमधलंच आम्ल, म्हणून डबा उघडला की तोच आंबट वास येतो. सुटलेलं आम्ल ऱ्हासाचा वेग आणखी वाढवतं. पट्टी आकसते, वाकते, कडेची भोकं यंत्राच्या दात्यांशी जुळेनाशी होतात, शेवटी वरचा चित्राचा थरच सुटतो. साधारण २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवलेल्या नव्या ॲसिटेट फिल्मला हा रोग सुमारे चाळीस वर्षांत गाठतो. संग्रहालयं डब्यात निळ्या कागदाच्या पट्ट्या ठेवतात. निळ्याची हिरवी आणि हिरव्याची पिवळी झाली की समजायचं, हे रीळ आधी स्कॅनला घ्या.

चाळीस वर्षांचं गणित लक्षात ठेवा. १९७०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात शिकणाऱ्या तरुण कृष्णवर्णीय दिग्दर्शकांनी १६ मिमीवर चित्रपट काढले: बर्नेट, हैले गेरिमा, जूली डॅश, बिली वुडबेरी आणि इतर. पुढे या पिढीला 'एल. ए. रिबेलियन' असं नाव पडलं. त्यांच्यामागे स्टुडिओ नव्हता, म्हणून थंड आणि कोरडं गोदामही नव्हतं. 'किलर ऑफ शीप' बर्नेट यांनी लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत सुट्टीच्या दिवशी, दहा हजार डॉलरहून कमी खर्चात चित्रित केला. यूसीएलएच्या चित्रपट संग्रहालयात रॉस लिपमन यांनी त्याची खराब होऊ लागलेली निगेटिव्ह हाताळून ३५ मिमीवर नवी प्रत उतरवली नसती, तर २०२५ च्या स्कॅनला हातात धरायला फारसं काही उरलं नसतं.

रंगीत प्रिंटचं दुखणं वेगळं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या नेहमीच्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो आणि सगळा चित्रपट गुलाबी दिसू लागतो. दिग्दर्शकाने नेसवलेली निळी साडी किंवा हिरवं झाड मूळचं कसं होतं, हे मग अंदाजाने ठरवावं लागतं. कॅमेरामन हयात असला तर त्याला स्टुडिओत बसवून विचारता येतं. म्हणूनच पंधरा-वीस वर्षांचा उशीर महाग पडतो.

त्याहून जुन्या काळाची गोष्ट आणखी अवघड. ऑस्कर मिशो यांनी चाळीसहून अधिक चित्रपट काढले. त्यांच्या मूकपटांपैकी तीनच शिल्लक आहेत. १९२० चा 'विदिन अवर गेट्स' स्पेनच्या संग्रहालयात 'ला नेग्रा' या नावाखाली सापडला. त्यातल्या स्पॅनिश पाट्यांवरून पुन्हा इंग्रजी पाट्या तयार कराव्या लागल्या, आणि काँग्रेस ग्रंथालयाने १९९३ मध्ये तो उभा केला. स्पेन्सर विल्यम्स यांच्या 'द ब्लड ऑफ जीझस' (१९४१) ची प्रत १९८३ साली टेक्सासमधल्या टायलर गावच्या गोदामात इतर चित्रपटांच्या रिळांसोबत मिळाली. हे आणि असे बरेच चित्रपट २०१६ साली किनो लॉर्बर या कंपनीने पाच डिस्कच्या एका संचात एकत्र आणले. त्यासाठी लोकवर्गणीतून पैसा उभा केला होता.

## मालक कोण, हेच कळत नाही

समजा निगेटिव्ह धडधाकट आहे. डिस्क काढायची तर हक्कांची साखळी सलग हवी. पटकथा कोणाची, पैसा कोणाचा, वितरणाचा करार कोणाशी आणि किती वर्षांचा, करार संपल्यावर हक्क कोणाकडे परतले, तो माणूस वारला तर वारस कोण. आपल्याकडे जमीन घ्यायची तर सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत आणि फेरफार नीट लागले आहेत का हे पाहावं लागतं, अगदी तसंच. एक नाव सुटलं तर वकील सही देत नाही, आणि वकिलाची सही नसेल तर डिस्क कंपनी पैसे घालत नाही.

स्टुडिओच्या चित्रपटाचे कागद एका कपाटात असतात. स्वतंत्र चित्रपटाचे नसतात. निर्मितीसाठी एखादी छोटी कंपनी काढलेली असते, चित्रपट संपल्यावर ती गुंडाळली जाते, आणि लॅबच्या वहीत निगेटिव्ह त्याच मेलेल्या कंपनीच्या नावावर पडून राहते. बिल थकलं तर लॅब ती देतही नाही. न्यूयॉर्कच्या ड्यूआर्ट लॅबने २०१० मध्ये फिल्म धुण्याचं काम बंद केलं, तेव्हा अशी कित्येक बेवारस रिळं उघड्यावर आली.

कॅथलीन कॉलिन्स यांचा 'लूझिंग ग्राउंड' (१९८२) याच वाटेने गेला असता. तत्त्वज्ञानाची एक कृष्णवर्णीय प्राध्यापिका, परमानंद म्हणजे काय यावर संशोधन करणारी, आणि तिचा चित्रकार नवरा यांची ही गोष्ट. तेव्हाच्या वितरकांना असल्या पात्रांचं काय करावं हेच उमगलं नाही. चित्रपट थिएटरात लागला नाही. कॉलिन्स १९८८ मध्ये ४६व्या वर्षी गेल्या. त्यांच्या मुलीने, नीना कॉलिन्स यांनी, लॅबमधली निगेटिव्ह सोडवून आणली. माइलस्टोन कंपनीने २०१५ मध्ये तो न्यूयॉर्कला दाखवला आणि पुढे डिस्कवर आणला. २०२० मध्ये तो राष्ट्रीय नोंदवहीत गेला. सगळं एका मुलीच्या चिकाटीवर टिकलं. अशी मुलगी नसलेले चित्रपट किती, हा विचार अस्वस्थ करतो.

मालक माहीत असला तरी तो उपयोगी पडेलच असं नाही. बिल गन यांच्या 'गांजा अँड हेस' (१९७३) कडून निर्मात्यांना स्वस्तातली पिशाचकथा हवी होती. गन यांनी व्यसन, श्रद्धा आणि वासना यांवरचा संथ, स्वप्नासारखा चित्रपट दिला. कान महोत्सवाच्या समीक्षक विभागात त्याचं कौतुक झालं. निर्मात्यांनी तो दुसऱ्यांना विकला आणि त्याची ७८ मिनिटांची मोडतोड आवृत्ती 'ब्लड कपल' आणि आणखी भलत्या नावांनी वर्षानुवर्षं विकली गेली. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात पूर्ण प्रत होती म्हणून मूळ चित्रपट वाचला. गन यांचा त्याआधीचा 'स्टॉप!' (१९७०) तर वॉर्नर स्टुडिओने थिएटरांत आणलाच नाही. पन्नास वर्षं उलटली तरी त्याची डिस्क नव्हती. तिथे मालक पक्का ठाऊक होता.

## एका गाण्याचे दोन मालक

हा अडथळा लोकांना सगळ्यात कमी माहीत असतो. रेडिओवर वाजणारं गाणं चित्रपटात वापरायचं तर दोन परवानग्या लागतात. एक, गाणं लिहिणाऱ्याकडून किंवा त्याच्या प्रकाशकाकडून. दुसरी, ते विशिष्ट ध्वनिमुद्रण ज्या रेकॉर्ड कंपनीचं आहे तिच्याकडून. शिवाय परवानगी कशासाठी हेही वेगवेगळं असतं. महोत्सवापुरती परवानगी स्वस्त मिळते. 'सर्व माध्यमं, सर्व देश, कायमची' ही परवानगी महाग असते, आणि डिस्कला हीच लागते.

'किलर ऑफ शीप' हा विद्यार्थ्याचा प्रबंध-चित्रपट. त्यात बर्नेट यांनी डायना वॉशिंग्टन, पॉल रोबसन, लुई आर्मस्ट्राँग, अर्थ विंड अँड फायर असं आपल्या घरादारात वाजणारं संगीत मनमोकळेपणाने वापरलं. विद्यापीठात दाखवायला परवानगी कोण विचारतो? पण विकायची वेळ आली तेव्हा संगीताच्या हक्कांचं बिल दीड लाख डॉलर झालं, म्हणजे चित्रपटाच्या खर्चाच्या पंधरा पटींहून जास्त. दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग यांनी त्यासाठी पैशाची मदत केली, आणि तेव्हा कुठे २००७ ची आवृत्ती निघाली. तरीही शेवटच्या प्रसंगातलं डायना वॉशिंग्टन यांचं 'अनफर्गेटेबल' मिळालं नाहीच. तिथे त्यांचंच, चित्रपटात आधी येऊन गेलेलं 'धिस बिटर अर्थ' पुन्हा वाजवावं लागलं. २०२५ च्या आवृत्तीत मूळ गाणं परत आलं आहे. २००७ ची डीव्हीडी असलेल्यांनीही नवी आवृत्ती पाहावी, याचं हे एकच कारण पुरेसं आहे, कारण शेवटचा भाव त्या गाण्याने बदलतो.

मग गाणं बदलून टाकावं, हा उपाय व्यापारी डीव्हीडींनी पुष्कळदा केला. ब्लूज, जॅझ आणि गॉस्पेल ज्या चित्रपटांत पात्राइतकं बोलतं तिथे तो उपाय चित्रपट मोडतो.

## काळा चेहरा आणि काळी सावली

'चित्रं जरा अंधारी आहेत, पण गोष्ट तर कळते ना' असं म्हणणाऱ्यांसाठी हा भाग.

चित्रपटाच्या लॅबमध्ये रंग जुळवण्यासाठी रिळाच्या सुरुवातीला काही चौकटींवर गोऱ्या स्त्रीचा चेहरा आणि रंगपट्टे असत. छायाचित्रांच्या लॅबमध्येही कोडॅकची तशीच कार्डं असत. तो चेहरा नीट दिसला की छपाई बरोबर. सावळ्या आणि काळ्या त्वचेसाठी वेगळा मापदंड बराच काळ नव्हता. चांगला कॅमेरामन त्यावर प्रकाशयोजनेने मात करी. 'डॉटर्स ऑफ द डस्ट' (१९९१) मध्ये आर्थर जाफा यांनी समुद्रकिनाऱ्यावरच्या उजेडात पांढऱ्या कपड्यांतल्या स्त्रियांचे चेहरे ज्या बारकाईने टिपले आहेत, ते त्या कामाचं उत्तम उदाहरण.

ही बारकाई व्हीएचएसवर, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेटवर, मरते, आणि का मरते याचं कारण सरळ आहे. थिएटरची प्रिंट मुद्दाम जास्त काँट्रास्टची असते, कारण ती प्रखर दिव्याने पडद्यावर फेकायची असते. तिच्या सावल्या दाट असतात. १९८०च्या दशकातली फिल्म-टू-व्हिडिओ यंत्रं त्या सावल्यांच्या आत पाहू शकत नसत. काळ्या पार्श्वभूमीवर काळा चेहरा असेल तर डोळे आणि दात तेवढे उरत. व्हीएचएसची आडवी स्पष्टता जेमतेम २४० रेषांची, त्यामुळे उरलेलंही पुसट.

डिजिटलमध्येही हा धोका संपत नाही. डीव्हीडी आणि साधी ब्लू-रे ८ बिटची असते: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेडाच्या २२० पायऱ्या. रात्रीच्या खोलीतला सावळा चेहरा त्यातल्या खालच्या थोड्याच पायऱ्यांत मावतो. पायऱ्या अपुऱ्या पडल्या की गालावर नकाशासारखे पट्टे उमटतात. ४के यूएचडी डिस्क १० बिटची, म्हणजे ८७७ पायऱ्या. हॉलिवूडच्या उजेडातल्या विनोदी चित्रपटाला हा फरक कदाचित जाणवणार नाही. 'टू स्लीप विथ अँगर' (१९९०) सारख्या, घरातल्या मंद दिव्यांत घडणाऱ्या चित्रपटाला जाणवतो.

म्हणून निगेटिव्हवरून केलेला स्कॅन महत्त्वाचा. निगेटिव्हचा काँट्रास्ट कमी असतो, सावल्यांतला तपशील तिच्यात शाबूत असतो. रंग जुळवणाऱ्याने तो जपला पाहिजे, आणि 'जरा उजळ करू' म्हणत चेहरे राखाडीही करता कामा नयेत. दोन्ही चुका होतात.

## 'चित्रपट खरंच चांगला असता तर तेव्हाच चालला असता'

हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उदाहरणांनीच उत्तर द्यायला हवं. बर्नेट यांचा 'माय ब्रदर्स वेडिंग' (१९८३) निर्मात्यांनी संकलन पूर्ण होण्याआधीच न्यूयॉर्कच्या महोत्सवात धाडला. कच्च्या आवृत्तीवर संमिश्र परीक्षण आलं आणि वितरक मागे हटले. बर्नेट यांना तो हवा तसा कापायला २००७ उजाडलं. सुमारे दोन तासांचा चित्रपट ८० मिनिटांच्या आसपास आला आणि कितीतरी सुधारला. 'द अनाइहिलेशन ऑफ फिश' चंही असंच: महोत्सवानंतरच्या एका प्रतिकूल परीक्षणाने वितरकांचा धीर सुटला. वेंडेल हॅरिस यांच्या 'कमेलियन स्ट्रीट' (१९८९) ने १९९० मध्ये सनडान्स महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार जिंकला, तेव्हा मोठ्या स्टुडिओने रस दाखवला तो त्याच्या रीमेकच्या हक्कांत. खुद्द चित्रपट नीट वितरित झालाच नाही. ४के रूपात तो आला २०२१ मध्ये.

आयव्हन डिक्सन यांचा 'द स्पूक हू सॅट बाय द डोअर' (१९७३) चालत असतानाच थिएटरांतून काढला गेला. सीआयएतला पहिला कृष्णवर्णीय अधिकारी तिथलं शिक्षण शिकागोच्या तरुणांना देतो, हे त्याचं कथानक. २००४ च्या डीव्हीडीपर्यंत तो चोरट्या व्हिडिओ कॅसेटींवर जगला. न चालल्याचा पुरावा म्हणून अशा चित्रपटाचा गल्ला दाखवणं चूक आहे.

निवड करणाऱ्यांचीही बाजू आहे. ऑगस्ट २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिलं की हजाराहून अधिक चित्रपटांच्या क्रायटेरियन संग्रहात आफ्रिकन-अमेरिकन दिग्दर्शक फक्त चार होते. त्यानंतर काय झालं पाहा: मेल्व्हिन व्हॅन पीबल्स यांचा संच, मार्लन रिग्ज यांचा संच, बिल ड्यूक यांचा 'डीप कव्हर', कार्ल फ्रँकलिन यांचा 'डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस', केसी लेमन्स यांचा 'ईव्ह्ज बायू', मायकल शुल्ट्झ यांचा 'कूली हाय', शेरिल डुन्ये यांचा 'द वॉटरमेलन वुमन', आणि २०२५ मध्ये झैनाबू आयरीन डेव्हिस यांचा 'कॉम्पेन्सेशन'. चार-पाच वर्षांत एवढे सगळे. हे चित्रपट आधीही अस्तित्वात होतेच. बदलली ती निवडणाऱ्यांची नजर.

## 'यूट्यूबवर आहे की'

बऱ्याचदा असतो, आणि काहीच नसण्यापेक्षा ते बरं. पण ती प्रत बहुधा कॅसेटवरून चढवलेली, कडा कापलेली, गाणी बदललेली असते. कोणी तक्रार केली की उद्या गायब.

'कृत्रिम बुद्धिमत्तेने साफ करता येईल ना?' असंही विचारलं जातं. कॅसेटवर जो तपशील नोंदलाच गेला नाही तो यंत्राला परत आणता येत नाही. ते तपशील रचतं. म्हणजे चेहऱ्यावर दिसणारी सुरकुती त्या नटाची नसून यंत्राने कल्पिलेली असते. तपशील हवा तर निगेटिव्हच शोधावी लागते.

उलट, प्रत्येक चित्रपट काचेसारखा स्वच्छ दिसलाच पाहिजे असंही नाही. बिल गन यांचा 'पर्सनल प्रॉब्लेम्स' (१९८०) व्हिडिओ टेपवरच चित्रित झाला. त्याची मूळ स्पष्टताच मर्यादित आहे. २०१८ च्या आवृत्तीत तो तसाच ठेवला आहे, आणि ते योग्य आहे.

स्वामित्वहक्क संपलेल्या चित्रपटांबाबत गैरसमज असतो की आता कोणीही चांगली प्रत काढू शकेल. कोणीही प्रत काढू शकतो, म्हणूनच खर्च करून चांगली काढायला कोणी धजत नाही. शेजारच्या दुकानात खराब प्रत दोन डॉलरला मिळते. मिशो यांच्या चित्रपटांसाठी लोकवर्गणी लागली ती यामुळेच.

## 'आता डिस्क घेतं कोण?'

स्ट्रीमिंग सेवा चित्रपट भाड्याने घेते, ठरावीक मुदतीसाठी. मुदत संपली की तो दिसेनासा होतो. हैले गेरिमा यांच्या 'सांकोफा' (१९९३) ला वितरक मिळाला नाही तेव्हा त्यांनी स्वतः थिएटरं भाड्याने घेऊन, शहरोशहरी समाजगटांना हाताशी धरून तो दाखवला. २०२१ मध्ये त्याची ४के आवृत्ती 'ॲरे' या वितरण संस्थेने नेटफ्लिक्सवर आणली. उत्तम झालं. पण वर्गात शिकवणारा शिक्षक किंवा ग्रंथालय अशा मुदतीच्या भरवशावर अभ्यासक्रम आखू शकत नाही. डिस्क कपाटात राहते.

दुसरं कारण तांत्रिक. १६ मिमीच्या चित्रात कणांची हालचाल भरपूर असते. इंटरनेटवर फाइल दाबताना हे कण सगळ्यात आधी पुसले जातात, कारण दाबणाऱ्या सॉफ्टवेअरला तो निव्वळ गोंगाट वाटतो. ब्लू-रेवर चित्राला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा मिळते. 'किलर ऑफ शीप' सारख्या चित्रपटात हा कणदारपणा म्हणजेच त्याचा पोत आहे.

## चांगली डिस्क कशी ओळखायची

पाठीमागचा मजकूर नीट वाचा. 'मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून नवा ४के स्कॅन' असं स्पष्ट लिहिलं असेल तर उत्तम. नुसतं 'डिजिटली रीमास्टर्ड' हे शब्द काहीच सांगत नाहीत. दिग्दर्शक किंवा कॅमेरामनने रंग मंजूर केले आहेत का ते पाहा. मूळ आवाज मोनो असेल तर तो मोनोच, न दाबलेला हवा. पाच-सहा स्पीकरांत पसरवलेला आवाज हा बहुतेकदा नंतरचा घाट. १६ मिमीवरचा जुना चित्रपट जवळपास चौकोनी असतो, १.३३ किंवा १.३७ प्रमाणाचा. तो टीव्हीभर पसरलेला दिसला तर वरखाली कापलेला किंवा आडवा ताणलेला आहे.

चित्रपटाची लांबी तपासा. युरोपातल्या जुन्या डीव्हीडी सेकंदाला २५ चौकटींनी चालतात, म्हणून १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि सगळ्यांचे आवाज किंचित पातळ होतात. चार टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर आवृत्तीच वेगळी समजा. 'गांजा अँड हेस' च्या बाबतीत हे पहिल्यांदा तपासायचं.

चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसले तर कण पुसताना त्वचाही पुसली आहे. कर्णबधिरांसाठीच्या उपशीर्षकांकडेही लक्ष द्या. वॉट्समधली किंवा 'डॉटर्स ऑफ द डस्ट' मधल्या बेटांवरच्या गला लोकांची बोली पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यांचा फार आधार होतो. 'कॉम्पेन्सेशन' मध्ये तर मुख्य पात्र बधिर आहे आणि लिखित पाट्या चित्रपटाचाच भाग आहेत.

## महाराष्ट्रात बसून पाहायचं तर

मराठी वाचकांचा या जगाशी जुना धागा आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव आणि प्रेरणा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून आली होती. त्याच वर्षांत लॉस एंजेलिसमध्ये हे चित्रपट आकार घेत होते. पुस्तकं समुद्र ओलांडून आली, १६ मिमीची रिळं येणं कठीण होतं. आता ती अडचण उरलेली नाही, दुसरी आहे: प्रदेश-कुलूप, म्हणजे एका प्रदेशाची डिस्क दुसऱ्या प्रदेशात विकलेल्या प्लेयरवर चालू नये अशी सोय.

डीव्हीडीसाठी अमेरिका प्रदेश १, युरोप २ आणि भारत ५. ब्लू-रेसाठी अमेरिका ए, युरोप बी, भारत सी. भारतात विकलेल्या साध्या प्लेयरवर अमेरिकन ब्लू-रे बहुधा चालत नाही. काही डिस्कवर कुलूप नसतं, ते खरेदीआधी तपासा. ४के यूएचडी डिस्कला मात्र प्रदेश-कुलूपच नाही. ती कोणत्याही देशातल्या यूएचडी प्लेयरवर चालते. त्याच डब्यातली ब्लू-रे मात्र ए प्रदेशाची असू शकते, आणि पुरवणी माहितीपट, मुलाखती वगैरे पुष्कळदा तिच्यावरच असतात. त्यामुळे 'किलर ऑफ शीप' ची डिस्क मागवणार असाल तर यूएचडी प्लेयर आहे का हे आधी पाहा. क्रायटेरियनची स्ट्रीमिंग सेवा अमेरिका आणि कॅनडापुरतीच आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्डावर कॅनोपी ही स्ट्रीमिंग सेवा फुकट मिळू शकते. ग्रंथालयाने ती घेतली आहे का, एवढं काउंटरवर विचारायचं. डिस्क खरेदीसाठी सुचवण्याचा अर्जही बहुतेक ग्रंथालयांत असतो.

एकदम सगळं पाहू नका. आधी 'किलर ऑफ शीप', मग 'लूझिंग ग्राउंड', आणि त्यानंतर, अंधार करून, आवाज थोडा वाढवून, 'गांजा अँड हेस' ची पूर्ण आवृत्ती.